सीआरओच्या पडद्यावरचा डाग: दुरुस्तीला पाठवण्याआधी हे वाचा

लॅबमधून सीआरओ (विजेच्या सिग्नलची रेघ पडद्यावर दाखवणारा कॅथोड-रे ऑसिलोस्कोप) आला की सोबत ठरलेला प्रश्न येतो: "मधला डाग काढून नवी पावडर मारून द्याल का?" नाही देता येणार. ही पावडर म्हणजे फॉस्फर, इलेक्ट्रॉनचा किरण आदळला की उजळणारा. त्याचा थर काचेच्या आतल्या बाजूला, निर्वात ट्यूबमध्ये असतो. काच फोडली की ट्यूबच संपली. (नावावर जाऊ नका, त्यात फॉस्फरस नसतो. नेहमीच्या हिरव्या पी-31 पडद्यावर किंचित तांबं घातलेलं झिंक सल्फाइड असतं.)

डाग पडतो तो बहुधा लिसाजूच्या (दोन सिग्नल जोडून पडद्यावर आकृत्या काढायच्या) प्रॅक्टिकलला. एक्स-वाय मोड (एक सिग्नल किरण आडवा हलवतो, दुसरा उभा), इंटेन्सिटी फुल, आणि सिग्नल आणणाऱ्या दोन्ही प्रोब-वायरी काढून मुलं डबा खायला गेलेली. एरवी पडद्यावर धावणारा किरण आता एकाच जागी उभा. त्याच्या ऊर्जेतला थोडाच भाग उजेड होतो, बाकीची उष्णता मोहरीएवढ्या जागेत साठते आणि फॉस्फर करपतो. पुढे कुठलीही रेघ तिथून गेली की तेवढ्यापुरती मंद पडते किंवा तुटते. हा डाग परत भरून येत नाही. म्हणून एक्स-वाय लावण्याआधी इंटेन्सिटी खाली आणा. ठिपक्याभोवती वलय दिसलं, म्हणजे ती अजूनही जास्त आहे.

पाठवण्याआधी पोझिशनचा नॉब फिरवून बघा. रेघ एकाच ठिकाणी मंद होत असेल तर फॉस्फर जळला आहे. सगळीकडेच मंद असेल तर दोष कॅथोडचा (ट्यूबमधला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) किंवा हाय व्होल्टेजचा असू शकतो, आणि व्होल्टेजचं काम ट्यूब न बदलता होतं.

ट्यूबचा पूर्ण नंबर पाहिल्याशिवाय आम्ही भाव सांगत नाही, यावर काही जण रागावतात. पण 5यूपी1 आणि 5यूपी7 यांच्यात फरक आहे तो फॉस्फरचा. एकांनी जुन्या बाजारातून पी-7 ची ट्यूब आणून बसवली. हा फॉस्फर रडारसाठी वापरत: आधी निळी चमक, मागे रेंगाळणारा पिवळा उजेड. त्यांच्या पडद्यावर प्रत्येक रेघेमागे आधीची रेघ दिसत राहिली. ती काढून दुसरी बसवायची मजुरी पुन्हा लागलीच.

तपासलेल्या जुन्या पी-31 ट्यूब आमच्याकडे असतात. चालू करून दाखवूनच देतो. डाग कडेला आणि बारीक असेल तर मात्र ट्यूब बदलू नका, असंच आम्ही सांगतो. आणि सुटी ट्यूब पार्सलने पाठवू नका, मान तुटते. अख्खा सीआरओच आणा.