मॅमोग्राम वाचायला शिकणं: ब्रेस्ट इमेजिंग फेलोशिपची पार्श्वभूमी

रेडिओलॉजीत एमडी झालेल्या डॉक्टरला मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे) वाचण्यासाठी आपल्याकडे वेगळा परवाना लागत नाही. तीन वर्षांत एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय असं सगळंच शिकायचं असतं. स्तनांच्या तपासण्यांच्या वाट्याला त्यातला थोडाच वेळ येतो, तोही कॉलेजात मॅमोग्राफीचं मशीन असेल आणि ते चालू असेल तर. नाशिकचा एखादा नवा रेडिओलॉजिस्ट स्वतःचं सेंटर टाकायचं सोडून वर्षभराच्या फेलोशिपसाठी (एमडीनंतरचं एकाच विषयाचं खास प्रशिक्षण) मुंबई-पुण्याकडे निघाला, की घरचे विचारतात, ‘आता आणखी काय शिकायचं राहिलं?’ प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी बरंच मागे जावं लागतं.

बर्लिनचे सर्जन आल्बर्ट सालोमन यांनी 1913 मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे 3,000 स्तनांचे एक्स-रे घेतले आणि प्रत्यक्ष गाठीशी ते ताडून पाहिले. चित्र आणि पॅथॉलॉजी (काढलेल्या गाठीची प्रयोगशाळेतली तपासणी) शेजारी ठेवून शिकायचं ही रीत तेव्हापासूनची. आजही चांगल्या फेलोशिपची ओळख हीच, की आपण ज्या गाठीवर मत दिलं तिचं पुढे काय निघालं हे शिकणाऱ्याला कळतं. ज्या सेंटरमध्ये रिपोर्ट दिला की रुग्ण पुन्हा दिसत नाही, तिथे वीस वर्षं काढली तरी नजर तयार होईलच असं नाही.

पुढे 1930 मध्ये अमेरिकेत स्टॅफर्ड वॉरन यांनी हयात रुग्णांवर तंत्र वापरलं. उरुग्वेच्या राऊल लेबोर्न यांनी स्तन दाबून चित्र घेण्याचा आग्रह धरला आणि कॅल्शियमच्या बारीक कणांचं महत्त्व दाखवून दिलं. मॅमोग्राफीत ‘फार दाबतात हो’ अशी तक्रार प्रत्येकीची असते. पण त्या दाबाने चित्र स्पष्ट येतं आणि किरणांची मात्राही कमी लागते.

शिकवण्याच्या दृष्टीने खरा टप्पा 1960 चा, ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगन यांचा. त्यांचं तंत्र त्यांच्या हातात उत्तम चालत होतं. शंका अशी होती, की ते इतरांना जमेल का? म्हणून बाहेरचे रेडिओलॉजिस्ट त्यांच्याकडे येऊन शिकले, आपापल्या रुग्णालयात परतले आणि तिथले निकाल पुन्हा तपासले गेले. ब्रेस्ट इमेजिंगच्या वेगळ्या प्रशिक्षणाचं मूळ मला इथे दिसतं. फ्रान्समध्ये शार्ल ग्रो यांच्या कामातून खास स्तनांसाठीचं मशीन आलं तेही याच दशकात. मशीन विकत घेता येतं, नजर घडवावी लागते, हे तेव्हाच लक्षात आलं होतं.

न्यूयॉर्कमध्ये 1963 साली सुमारे 62,000 स्त्रियांचा मोठा अभ्यास सुरू झाला. 1977 मध्ये स्वीडनमध्ये दोन परगण्यांतला अभ्यास सुरू झाला आणि 1985 मध्ये त्याचे निकाल आले. नियमित मॅमोग्राफीने स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी होतात असं दोन्हींनी दाखवलं. कॅनडात झालेल्या अशाच अभ्यासाला तसा फायदा दिसला नाही. मग वाद पेटला, आणि त्यातला एक मोठा मुद्दा होता चित्रांच्या दर्जाचा व वाचणाऱ्यांच्या तयारीचा. वाचणारा कच्चा असेल तर अख्ख्या अभ्यासाच्या निष्कर्षावरच शंका घेतली जाते, हे त्या वादाने दाखवून दिलं.

ब्रिटनने 1988 मध्ये सरकारी स्क्रीनिंग (लक्षणं नसलेल्या स्त्रियांचीही नियमित तपासणी) सुरू केलं. तिथे एक मॅमोग्राम दोन जण वाचतात आणि प्रत्येक वाचकाने वर्षाला निदान 5,000 वाचावेत अशी अपेक्षा असते. अमेरिकेत 1985 मध्ये ब्रेस्ट इमेजिंग करणाऱ्यांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. 1992 च्या कायद्याने सेंटर, मशीन, तंत्रज्ञ आणि वाचणारा डॉक्टर या सगळ्यांसाठी किमान अटी घातल्या. सुरुवातीला देखरेखीखाली 240 तपासण्या वाचायच्या आणि नंतर दर दोन वर्षांत 960. मॅमोग्रामचा रिपोर्ट लिहिण्याची ठरावीक पद्धत, ‘बायरॅड्स’, 1993 मध्ये आली आणि ‘थोडं संशयास्पद वाटतं’ अशा मोघम भाषेच्या जागी 0 ते 5 असे आकडे आले. पुढे 6 ची भर पडली. फेलोशिपचा पाश्चात्त्य साचा या वातावरणात घडला: रोज शेकडो मॅमोग्राम, बहुतेक अगदी नॉर्मल, आणि त्यातून एखादा वेगळा ओळखायचा.

आता हा साचा नाशिकला आणून ठेवा. बसत नाही.

कारण आपल्याकडे मॅमोग्राफीचं सार्वत्रिक स्क्रीनिंगच नाही. केंद्र सरकारच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 30 ते 65 वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याने हाताने स्तन तपासणी करायची आहे. हे नाइलाजाने काढलेलं दुय्यम धोरण आहे असं समजू नये. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत 1998 पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर केलेल्या अभ्यासाचे वीस वर्षांचे निकाल 2021 मध्ये आले. दर दोन वर्षांनी केलेल्या हाताच्या तपासणीने रोग आधीच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मात्र तसा फायदा दिसला नाही.

ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग आकडेवारीच्या 2020 च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे 1 लाख 78 हजार नव्या रुग्ण होत्या, तर मृत्यू 90 हजारांवर गेले. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं लवकर गाठतो. तरुण स्तन घट्ट असतो, मॅमोग्राममध्ये पांढरा दिसतो, आणि गाठही पांढरीच. दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवण, मालेगावहून नाशिकला येणारी बाई तपासणीसाठी म्हणून येत नाही, हाताला लागलेली गाठ घेऊन येते. बऱ्याचदा ‘दुखत नव्हती, म्हणून थांबले’ असंही सांगते.

त्यामुळे इथल्या फेलोला सर्वाधिक उपयोग होतो तो सोनोग्राफीचा आणि सुईचा. घट्ट गाठ साधी की संशयास्पद, हे सोनोग्राफीवर कसं ओळखायचं याचे निकष स्टॅव्हरोस यांनी 1995 मध्ये मांडले. त्याच दशकात पार्कर यांच्या कामामुळे चित्र पाहत जाड सुईने तुकडा काढण्याची पद्धत रुळली. मग औषधांनी मागणी वाढवली. स्तनाच्या कर्करोगावरच्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला 1998 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते द्यायचं की नाही हे ठरवायला गाठीतली हर-टू या प्रथिनाची तपासणी लागते, हार्मोनच्या गोळ्यांसाठी ईआर-पीआर (गाठ हार्मोनला प्रतिसाद देते का, याची तपासणी) लागतं, आणि त्यासाठी बारीक सुईतल्या चार पेशींपेक्षा ट्रू-कटचा, म्हणजे जाड सुईने काढलेला, तुकडा कितीतरी भरवशाचा. थेट ऑपरेशन करून गाठ काढायची आणि मग ती काय होती ते बघायचं, ही जुनी सवय मोडायला रेडिओलॉजिस्टचा हात तयार हवा. ‘सुई लावली की गाठ पसरते’ ही घरोघरची भीती समजावून दूर करणंही त्याच्याच वाट्याला येतं. अभ्यासक्रमात तिला तास नसतो. असायला हवा, असं माझं मत.

नाशिकचं या विषयाशी एक प्रशासकीय नातंही आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 मध्ये स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय म्हसरूळला आहे. राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या परीक्षांबरोबर मान्यताप्राप्त संस्थांमधले फेलोशिप अभ्यासक्रमही त्याच्या कक्षेत येतात. मराठा विद्या प्रसारक समाजाचं आडगावचं वैद्यकीय महाविद्यालय त्याआधीचं, 1990 चं. कर्करोगाची शस्त्रक्रिया, किमो आणि रेडिएशन आता शहरातच होतं, त्यामुळे रिपोर्ट आणि पॅथॉलॉजी ताडून पाहायला मुंबईच गाठली पाहिजे असं राहिलेलं नाही.

‘विमेन्स इमेजिंग’, म्हणजे स्त्रियांच्या आजारांसाठीच्या अशा सगळ्या तपासण्या, म्हटलं की स्तनांच्या पलीकडेही बरंच येतं: गर्भाशय, बीजकोश, वंध्यत्वासाठी नळ्यांचा एक्स-रे (एचएसजी), गर्भारपणाची सोनोग्राफी, हाडांची घनता. इथे महाराष्ट्राचा इतिहास वेगळा वळतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा 1988 मध्ये आपल्याच राज्याने केला. केंद्राचा 1994 मध्ये आला आणि 2003 मध्ये कडक झाला. तरी 2011 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली 894 च होत्या. म्हणून गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद ठेवणारा एफ फॉर्म आहे, मशीनची नोंदणी आहे, आणि एका डॉक्टरला एका जिल्ह्यात फार तर दोन सेंटरवर सोनोग्राफी करता येईल हा 2012 चा नियम आहे. शिकायला आलेल्या फेलोचं नावही आधी त्या सेंटरच्या नोंदीत घालावं लागतं, तेव्हा कुठे प्रोब (सोनोग्राफीत अंगावर फिरवायचं यंत्र) हातात येतो.

गर्भलिंगनिदानाविरुद्धचा हा कायदा मशीनकडे बघतो, तपासायचा अवयव कोणता याकडे नाही. 2012 च्याच नियमांनुसार पोर्टेबल सोनोग्राफी मशीन नोंदणीच्या जागेतच, किंवा नोंदणी झालेल्या फिरत्या आरोग्य पथकाचा भाग म्हणूनच वापरता येतं. फेलोशिप करून आलेल्या नाशिकच्या रेडिओलॉजिस्टने पेठ-सुरगाण्यात फक्त स्तन तपासणीचं शिबिर घ्यायचं ठरवलं, तरी सेंटरवरचं मशीन गाडीत टाकून नेता येत नाही. शिबिरात हाताने तपासणी होते, गाठ लागली की चिठ्ठी मिळते, आणि सोनोग्राफीसाठी बाईला एसटीने नाशिकलाच यावं लागतं.