सृष्टी (जीववर्गीकरण)

सजीवांच्या वर्गीकरणातील वरची पायरी. तिच्याखाली क्रमाने संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती व जाती येतात. बडोद्याच्या मराठी वाचकाची येथे थोडी पंचाईत होते. मराठी व गुजराती पाठ्यपुस्तकांतील ‘प्रजाती’ ही जातीच्या वरची पायरी, तर हिंदी वर्तमानपत्रांत तोच शब्द सर्रास जातीसाठी येतो. जुन्या मराठी लेखनात प्रजातीला ‘वंश’ही म्हणत. प्रस्तुत नोंदीत पाठ्यपुस्तकी अर्थ घेतला आहे.

कार्ल लिनियस याने १७३५ मध्ये निसर्गाचे प्राणी, वनस्पती व खनिजे असे तीन भाग केले. देवमाशांना त्याने तेव्हा माशांतच बसवले होते. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत ते सस्तन प्राण्यांत आले. बडोद्याच्या कमाटीबागेतील संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. त्याच्या पुढच्या परातील बोटांची हाडे पाहिली की ही दुरुस्ती पटते. मराठी नावातला मासा मात्र कायम आहे.

देवमासा प्राणिसृष्टीत, बडोद्याच्या नावाशी जोडला जाणारा वड वनस्पतिसृष्टीत, येथवर वाद नाही. वाद सूक्ष्मजीवांपासून सुरू होतो. तिसऱ्या सजीवसृष्टीचे श्रेय बहुधा एर्न्स्ट हेकेलला (१८६६, प्रोटिस्टा म्हणजे साधे, बहुधा एकपेशीय जीव) दिले जाते. परंतु जॉन हॉग याने १८६० मध्येच ‘प्रोटोक्टिस्टा’ हा गट सुचवला होता. कालक्रमाने अग्रमान हॉगचा, प्रसाराचा मान हेकेलचा, असे म्हणणे रास्त ठरेल. आदिकेंद्रकी (पेशीत सुस्पष्ट केंद्रक नसलेले) व दृश्यकेंद्रकी (ते असलेले) हा भेद एदुआर शातों याच्या नावावर आहे. त्याचे वर्ष कोणी १९२५, तर कोणी १९३७ देतात. पहिले अधिक ग्राह्य वाटते. हर्बर्ट कोपलंडने १९३८ मध्ये जीवाणूंना वेगळी सृष्टी दिली.

रॉबर्ट व्हिटाकरची पंचसृष्टी पद्धती (१९६९) शाळेत शिकवली जाते: मोनेरा (जीवाणूंसारखे आदिकेंद्रकी), प्रोटिस्टा, कवके (बुरशी, अळंबी इ.), वनस्पती, प्राणी. पेशीची रचना व पोषणाची रीत हा तिचा मुख्य आधार. कवके अन्न शोषून घेतात, म्हणून ती वनस्पतींपासून वेगळी झाली. पुढे १९९३ च्या सुमारास रेणवीय पुराव्यांवरून ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची असल्याचे दिसून आले. गोडा मसाल्यातले दगडफूल तर एकाच सृष्टीत बसत नाही. ते कवक आणि शैवल किंवा नीलहरित जीवाणू यांचे सहजीवन असते. वर्गीकरणात त्याला कवकाचे नाव मिळते.

कार्ल वोस व जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये रायबोसोममधील (पेशीत प्रथिने बनवणाऱ्या कणांतील) आरएनए या रेणूची तुलना केली. तीत मोनेराचे दोन भिन्न गट निघाले, पहिला जीवाणूंचा. मिठागरांच्या दाट खाऱ्या पाण्यात तांबूस रंग धरणारे लवणप्रिय सूक्ष्मजीव दुसऱ्या, म्हणजे आर्किया गटातले. वोस, कांडलर व व्हीलिस यांनी १९९० मध्ये सृष्टीच्याही वर जीवाणू, आर्किया व दृश्यकेंद्रकी अशी तीन ‘डोमेन’ मांडली. एर्न्स्ट मायर यांना ही विभागणी मान्य नव्हती. आदिकेंद्रकी-दृश्यकेंद्रकी हा पेशीरचनेतला भेद त्यांना अधिक मूलगामी वाटे. दृश्यकेंद्रकी हे आर्कियातूनच उपजले, म्हणजे डोमेन दोनच, असे दुसरे मत जेम्स लेक यांनी १९८४ पासून मांडले. २०१५ मध्ये लोकिआर्किया हा दृश्यकेंद्रकींना जवळचा आर्किया गट उजेडात आल्यापासून पुराव्याचा कल या दोन-डोमेन मताकडे दिसतो. प्रोटिस्टा हा एकवंशीय (एका पूर्वजाचे सर्व व फक्त वंशज असलेला) गट नाही, याबद्दल मात्र आता फारसे दुमत नाही. २०१५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका यादीत सात सृष्टी आहेत.

विषाणूंना पेशी नसल्याने या मांडणीत स्थान नाही. त्यांचे वर्गीकरण स्वतंत्र आहे.