हृदयाचा सीटी स्कॅन आणि व्हीटीचे ॲब्लेशन

हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून, म्हणजे जवनिकांतून, उद्भवणाऱ्या घातक लयदोषावर ॲब्लेशन (दोषी भाग उष्णतेने निकामी करणे) करण्याआधी सीटी स्कॅनवरून हृदयाच्या स्नायूतल्या व्रणाची जागा हेरण्याची पद्धत. हा लयदोष म्हणजे व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया. रुग्णालयात त्याला ‘व्हीटी’च म्हणतात.

हार्ट अटॅकमध्ये स्नायूचा जो भाग मरतो तिथे तंतुमय व्रण तयार होतो. तो सगळाच निर्जीव असता तर लयीला एवढा धोका राहिला नसता. पण त्यात जिवंत स्नायूंचे बारीक धागे उरतात. त्यांतून विद्युत लहर फार सावकाश सरकते. ती बाहेर पडेपर्यंत भोवतालचा स्नायू पुन्हा उत्तेजित व्हायला तयार झालेला असतो आणि लहर तिथेच गोल फिरू लागते. ठोके अनेकदा मिनिटाला 150 ते 200 च्या घरात जातात, रक्तदाब कोसळतो, घेरी येते. व्हीटीचे रूपांतर फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे जवनिकांच्या नुसत्या थरथरीत, झाले तर काही मिनिटांत मृत्यू ओढवतो. अटॅक येऊन वर्षे लोटली तरी हा धोका टळलेला नसतो.

आयसीडी हे शरीरात बसवायचे यंत्र माणसात प्रथम 1980 साली बाल्टिमोर येथे बसवण्यात आले. ते शॉक देऊन व्हीटी थांबवते, पण ती पुन्हा उद्भवू नये यासाठी काही करत नाही. त्यासाठी औषधे, नाहीतर ॲब्लेशन: मांडीतल्या रक्तवाहिनीतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, हृदयात नेऊन दोषी धागे उष्णतेने निकामी करणे. अवघड काम आहे ते धागे सापडण्याचे. व्हीटी मुद्दाम सुरू करून लहरीच्या वाटेचा विद्युत नकाशा काढावा तर बऱ्याच रुग्णांचा रक्तदाब तग धरत नाही. एकेक बिंदू चाचपावा तर तासन्‌तास जातात.

सीटीची खरी मदत इथे होते. ईसीजीशी जुळवून घेतलेल्या स्कॅनमध्ये भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये मोजता येते. अटॅकनंतर 5 मिलिमीटरपेक्षा पातळ झालेला भाग बहुधा व्रणाचा असतो. फ्रान्समधील बोर्दोच्या संशोधकांनी दाखवले, की पातळ पट्ट्यांमधून जाणारे थोडे जाड कंगोरे पुष्कळदा त्या संथ वाटांशी जुळतात. व्रणात साठलेली चरबी व कॅल्शियमही दिसते. हे चित्र विद्युत नकाशाच्या यंत्रणेत बसवले की कॅथेटर कुठून सुरू करायचा ते आधीच ठरते. हृदयाच्या बाहेरून ॲब्लेशन करायचे असेल तर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या कुठे आहेत हेही कळते. त्यांना धक्का लागणे परवडणारे नसते.

व्रण पाहायला एमआरआय सरस आहे, मात्र आयसीडीच्या धातूमुळे त्याचे चित्र बिघडते. सीटीला हा त्रास कमी. अटॅक न येता स्नायूच्याच आजारातून व्हीटी झाली असेल आणि भिंत पातळ झालेली नसेल, तर मात्र सीटी फारसे सांगत नाही. कुठे जाळायचे याचा अंतिम निर्णय विद्युत नकाशावरच व्हायला हवा.

हृदयविकाराच्या उपचारांसाठी विदर्भाबरोबरच छिंदवाडा, शिवनी, बालाघाटचे रुग्णही नागपूरला येतात: 1947 साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात म्हणजे ‘मेडिकल’मध्ये, मिहानच्या एम्समध्ये, धंतोली-रामदासपेठेतल्या खाजगी रुग्णालयांत. स्कॅनसाठी शिरेतून आयोडीनयुक्त डाय देतात, म्हणून मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन आधी तपासावे लागते. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. उन्हातून दूरचा प्रवास करून आलेल्या, शरीरातले पाणी कमी झालेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडांना डायचा धोका वाढतो. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत आणि त्या आजारानेही मूत्रपिंडे कमजोर होतात, तेव्हा सिकलसेल आहे का, ही विचारणा टाळू नये.

गावाकडच्या रुग्णालयात व्हीटी चालू असताना काढलेला बारा लीडचा ईसीजी फार मोलाचा असतो. लहर व्रणाच्या कोणत्या बाजूने बाहेर पडते, हे त्याच्या आकारावरून ओळखता येते. तो कागद, आणि पूर्वी कोरोनरी सीटी झाली असेल तर फिल्मऐवजी तिची सीडी, सोबत आणावी; भिंतीची जाडी त्या सीडीतल्या मूळ चित्रांवरच मोजतात.