हातउसने पैसे परत मागताना: नोटीस दिली म्हणून मुदत वाढत नाही

"नोटीस पाठवलीय, आता तिथून तीन वर्षं मिळतील," असं समजून निर्धास्त बसलेली माणसं मला वारंवार भेटतात. नोटिशीने दावा दाखल करायची मुदत एका दिवसानेही वाढत नाही. या एका गैरसमजापायी खरे, प्रामाणिक दावे बुडालेले मी पाहिले आहेत.

'मागेन तेव्हा दे' म्हणून पैसे दिले असतील, तर मुदत कायदा १९६३ प्रमाणे तीन वर्षं मोजतात ती पैसे दिल्या दिवसापासून, मागितल्या दिवसापासून नव्हे. म्हणजे २० ऑगस्ट २०२२ ला दिलेल्या पैशांची मुदत २० ऑगस्ट २०२५ ला संपली. १ ऑगस्टला तीस दिवसांची नोटीस देऊन जो उत्तराची वाट बघत बसला, त्याचा दावा त्या वाट बघण्यातच गेला. परतीची तारीख ठरलेली असेल, तर तीन वर्षं त्या तारखेपासून. दिवस थोडे उरले असतील तर नोटिशीत वेळ घालवू नका, सरळ दावा दाखल करा. खासगी माणसाविरुद्ध पैशाच्या दाव्याआधी नोटीस सक्तीची नाही. दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते ती शासनाविरुद्ध, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे.

मुदत नव्याने सुरू होते ती घेणाऱ्याच्या सहीने. 'अमुक रक्कम देणं आहे' असं त्याने मुदत संपायच्या आत लिहून सही केली, तर तिथून पुन्हा तीन वर्षं. संबंध बरे असतानाच ही चिठ्ठी घ्या. नेमकी तीच कुणाकडे नसते. "नात्यात कसलं लिहून घ्यायचं?" हे उत्तर मला पाठ झालं आहे.

चिठ्ठी नसेल तर बँकेचं स्टेटमेंट काढा. पण त्यातून पैसे गेले एवढंच दिसतं, कशासाठी गेले ते दिसत नाही. समोरचा 'ही माझीच जुनी बाकी होती' म्हणतो आणि आपण अडकतो. म्हणून व्हॉट्सॲपवरचे 'दिवाळीपर्यंत देतो' असले मेसेज जपा, फोन बदलला तरी जुना विकू नका. ते पुराव्यात आणायला भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. नुसत्या स्क्रीनशॉटच्या झेरॉक्सवर भागत नाही.

मग नोटीस कशासाठी? एक तर ती पाहून बरेच जण तडजोडीला येतात. दुसरं, व्याज लेखी ठरलेलं नसेल तर व्याज कायदा १९७८ खाली ते मागण्याचा आधार ही नोटीसच असते. मात्र व्याज मागणार असल्याचं तिच्यात स्पष्ट लिहायला हवं. रक्कम, दिल्याची तारीख, रोख की खात्यावर, किती दिवसांत हवी, एवढं पुरे. रागाच्या भरात शिव्या, बदनामीची धमकी लिहू नका. उद्या न्यायाधीशांसमोर तुमचा पहिला कागद हाच असणार आहे.

चेक वटला नसेल तर गणित वेगळं, आणि फार कडक. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, ते संपल्यावर एका महिन्यात न्यायालयात परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (चेकच्या कायद्याच्या) कलम १३८ ची तक्रार. तक्रारीला झालेला उशीर सबळ कारण असेल तर न्यायालय माफ करू शकतं, नोटिशीचा नाही. नोटिशीत चेकची रक्कम तंतोतंत लिहा. त्यात झालेली टायपिंगची चूकही चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं आहे. व्याज, खर्च मागायचा तर वेगळा दाखवा.

नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालं आहे. पत्ता बरोबर असेल आणि 'घेण्यास नकार' असा शेरा पडून पाकीट परत आलं, तर घाबरू नका: कायदा सामान्यतः ती नोटीस पोचली असंच धरतो. ते पाकीट मात्र फोडू नका. "आत काय होतं ते मलाच माहीत आहे" म्हणून एका मावशींनी ते फाडून टाकलं होतं. शेरा त्या पाकिटावरच होता.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीत अर्ज करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना तिथे उत्पन्नाची अट नाही. आणि कुणी उत्पन्नाचा दाखला मागून परत पाठवलं, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२ दाखवा.