अणुभट्टी थांबवण्याचा अधिकार

वीज देणाऱ्या अणुभट्टीचा अणुबॉम्बसारखा स्फोट होऊ शकत नाही, कारण तिच्या इंधनात विखंडनक्षम, म्हणजे ज्याचे अणू फुटून ऊर्जा देतात अशा, युरेनियमचे प्रमाण त्यासाठी फारच कमी असते. खरा धोका उष्णतेचा आहे. विखंडन रोखणारे नियंत्रक दांडे आत सरकवले की विखंडनाची साखळी काही सेकंदांत तुटते, पण तोवर इंधनात साठलेली किरणोत्सारी मूलद्रव्ये क्षय पावतच राहतात आणि त्यांची उष्णता कोणतीही कळ दाबून थांबवता येत नाही. १००० मेगावॉट वीज देणारी भट्टी सुमारे ३००० मेगावॉट उष्णता निर्माण करते. ती बंद केल्याच्या क्षणीही सुमारे ६ टक्के, म्हणजे १८० मेगावॉटच्या आसपास, उष्णता बाहेर पडत असते. ही उष्णता वेगाने घटते खरी, तरी इंधनाभोवती पाणी पुढे कित्येक दिवस अखंड खेळते ठेवावे लागते.

११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा दाईची अणुकेंद्रात नेमके हेच अडले. भूकंप होताच चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या. मात्र तासाभराच्या आत आलेल्या त्सुनामीत पाण्याच्या पंपांना वीज देणारी डिझेल जनित्रे बुडाली, पाणी फिरेनासे झाले आणि तिन्ही भट्ट्यांतील इंधन वितळले. भूकंपकेंद्राच्या अधिक जवळ असलेले ओनागावा केंद्र सुमारे १४ मीटर उंचीवर बांधलेले असल्याने बचावले.

किती उंचीची लाट गृहीत धरायची, हे ठरवताना खर्च आणि सावधगिरी यांत ओढाताण होतेच. जपानमधील तेव्हाची सुरक्षा नियामक संस्था ज्या मंत्रालयाखाली होती, त्याच मंत्रालयाकडे अणुऊर्जेच्या प्रसाराचेही काम होते. संसदेच्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये हा अपघात मानवनिर्मित ठरवला. फुकुशिमाचे केंद्र खासगी कंपनीचे होते, म्हणून सरकारी मालकीकडे वळावे, असा युक्तिवाद केला जातो, पण सोव्हिएत संघातील चेर्नोबिलच्या १९८६ मधील अणुअपघातापुढे तो टिकत नाही. तिथे सारे काही राज्याच्याच हाती होते, आणि पाण्याची वाफ वाढली की भट्टीची शक्तीही वाढते, या तिच्या रचनेतील दोषाचे गांभीर्य चालकांपर्यंत पोहोचलेच नव्हते.

तेव्हा, माझ्या मते, मालक कोण यापेक्षा भट्टी थांबवण्याचा आदेश कोण देऊ शकतो, आणि तो दिल्यावर त्याची खुर्ची टिकते का, हे अधिक महत्त्वाचे आहे. अमेरिकेने १९७४ च्या कायद्याने प्रसार आणि नियमन ही कामे वेगळी केली. १९९४ च्या आंतरराष्ट्रीय अणुसुरक्षा करारातही हेच बंधन आहे, मात्र ते मोडणाऱ्या देशाला त्या करारात दंड नाही. सदस्य देश एकमेकांचे अहवाल तपासतात आणि प्रश्न विचारतात, एवढेच.