केवडा-भुरीची बुरशीनाशके मेंदूच्या अभ्यासात कशी आली?

पायराक्लोस्ट्रोबिन, ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन, फॅमोक्झाडोन ही नावे नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना तोंडपाठ असतात. केवडा-भुरी या बुरशीरोगांसाठी यांच्या फवारण्या नेहमीच्याच. मेंदूविज्ञानात ती 2016 साली चर्चेत आली, तीही कर्करोगावरच्या एका औषधाचा माग काढताना.

अमेरिकेत चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात अँजेलमन सिंड्रोमवर उपाय शोधणे चालू होते. या विकारात आईकडचे यूबीई3ए जनुक निकामी असते आणि वडिलांकडचे चेतापेशींत मुळातच बंद. टोपोटेकान हे कर्करोगावरचे औषध ते बंद जनुक उघडते, असे तिथे दिसले. 2013 मध्ये या औषधाची दुसरी बाजू कळली: लांब जनुकांचे काम ते मंदावते. जनुकाची आरएनए प्रत निघताना डीएनएला पीळ पडतो. तो सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेजलाच हे औषध अडवते. सीएनटीएनएपी2 हे जनुक सुमारे 23 लाख डीएनए-अक्षरांचे. मिनिटाला 2,000 अक्षरे धरली तरी एका प्रतीला 19 तास लागणार, म्हणजे वाटेत अडथळा आला की पहिला फटका अशाच जनुकांना. स्वमग्नतेशी जोडलेली बरीच जनुके अशीच लांबलचक आहेत.

मग आपल्या भोवतालची रसायने काय करत असतील? त्याच विद्यापीठातील मार्क झायल्का यांच्या गटाने उंदराच्या गर्भाच्या मेंदूतील पेशी वाढवून त्यांवर जवळपास 300 रसायने तपासली आणि आरएनए वाचला. खरी मेख मात्रेत आहे. पेशी मरायला लागल्या की ताणाची जनुके उसळतात आणि सगळी विषे सारखीच दिसू लागतात. म्हणून मात्रा मारक पातळीखाली ठेवावी लागते, आणि तुलनेसाठी नुसता द्रावक दिलेल्या पेशी लागतात.

वरची तिन्ही बुरशीनाशके रोटेनोन, पायरिडॅबेन आणि फेनपायरॉक्सिमेट या कीड-कोळीनाशकांच्याच गटात निघाली. चेतापेशींच्या जोडणीची जनुके मंद, दाहाशी संबंधित जनुके जोरात. स्वमग्नता आणि वार्धक्यातल्या मेंदूत दिसतो त्याच्याशी मिळताजुळता नमुना. कारण फारसे गूढ नाही. ही रसायने मायटोकॉन्ड्रियातील ऊर्जासाखळी तोडतात, आणि ती साखळी बुरशीत, कोळ्यात, माणसात जवळपास एकच.

यावरून ‘फवारणीने स्वमग्नता’ असा मथळा देणे मात्र घाईचे. ताटलीतल्या पेशींना यकृत नसते, वार (प्लासेंटा) नसते. ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिनचे शरीरात बरेचसे आम्ल होऊन जाते. ताटलीत मूळ रेणू थेट पेशीवर पडतो.