स्वर चढतो, पण पोहोचत नाही

'रामायण' चित्रपटासाठी ए. आर. रहमान यांच्या जोडीला हॉलिवूडचा संगीतकार हान्स झिमर, ही बातमी आल्यावर 'तो काय, नुसता दणदणाट' म्हणून नाकं मुरडणारेही होते. दणदणाट आहेच. पण त्याच्या एका लाडक्या चकव्यामागे १९६४ सालचं ध्वनिविज्ञान आहे.

झिमरचा जन्म १९५७चा, फ्रँकफर्टचा. तो आला सिंथेसायझरच्या वाटेने. 'रेन मॅन'चं (१९८८) संगीत त्याने मुख्यतः फेअरलाइट या संगणकी वाद्यावर उभं केलं. 'द लायन किंग'ने (१९९४) ऑस्कर दिलं. पुढे धून आटत गेली आणि ध्वनीचा पोत दाट होत गेला. 'इंटरस्टेलर'मध्ये (२०१४) लंडनच्या टेंपल चर्चचा पाइप ऑर्गन आला. 'डंकर्क'मध्ये (२०१७) मात्र ताण चढतच राहतो, शिखर येतच नाही. हाच तो चकवा: शेपर्ड स्वर.

स्वर ऐकताना कान दोन गोष्टी ओळखतो: स्वर कुठला आणि सप्तक कुठलं. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेतल्या रॉजर शेपर्डने दुसऱ्या गोष्टीचा पुरावाच पुसला. एकच स्वर अनेक सप्तकांत एकदम वाजवायचा. मधली सप्तकं मोठ्याने, टोकाची जेमतेम. मग सगळे घटक एकत्र वर सरकवायचे. सरकत्या जिन्याच्या पायऱ्यांसारखा वरचा घटक विरतो आणि खाली नवा उगवतो. दोन्ही टोकांचा आवाज इतका बारीक असतो की ही ये-जा कळत नाही. एक सप्तक चढून झालं की ध्वनी पुन्हा जिथल्या तिथे! शेपर्डचे स्वर पायरीपायरीने चढत; त्याची अखंड मींड केली फ्रेंच संगीतकार जाँ-क्लोद रिसेने.

घरी करायचं तर 'ऑडॅसिटी' या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'चर्प'चे (एका कंपनसंख्येपासून दुसरीपर्यंत सरकणाऱ्या स्वराचे) आठ ट्रॅक घ्या, प्रत्येकी १२ सेकंदांचे: २७.५ ते ५५ हर्ट्झ, ५५ ते ११०, असं दुप्पट करत ३५२० ते ७०४०. आवाजाचे टप्पे ०, ०.०२, ०.०६, ०.१२, ०.१५, ०.१२, ०.०६, ०.०२, ०. पहिला ट्रॅक ० ते ०.०२, दुसरा ०.०२ ते ०.०६, याप्रमाणे. एकाचा शेवट हीच पुढच्याची सुरुवात, म्हणून तुकडा पुन्हापुन्हा वाजवला तरी आवाजात खाच पडत नाही. बेरीज ०.५५च्या आसपास राहते, त्यामुळे आवाज फाटतही नाही.

इंटरपोलेशन, म्हणजे दोन टोकांमधलं अंतर कापायची रीत, 'लॉगरिदमिक'च हवं. 'लिनियर' ठेवलं तरी घटक एकमेकांच्या दुप्पटच राहतात, पण चढण सुरुवातीला वेगात आणि शेवटी मंद होते. दर १२ सेकंदांनी हिसका बसून चोरी उघडी पडते. जोडावर 'टक्' आलं तर लहरी अर्ध्यात तुटल्या आहेत असं समजा. तिथे काही मिलीसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक तुकडा विरताना दुसरा उगवू द्या. आणि हेडफोन लावा, मोबाईलच्या स्पीकरला खर्ज झेपत नाही.

जाता जाता: ४३२ हर्ट्झला 'वैश्विक स्पंदन' म्हणून विकणाऱ्यांसाठी. २७.५ऐवजी २७पासून सुरुवात केली की याच साखळीत ४४०च्या, म्हणजे वाद्यं जुळवायच्या रूढ स्वराच्या जागी ४३२ येतो. चकवा तसाच राहतो.

खरी गंमत शेपर्डच्या पायऱ्यांच्या प्रकारात आहे. बरोबर अर्ध्या सप्तकाची, म्हणजे सहा अर्धस्वरांची उडी घेतली तर प्रत्येक घटकापासून नव्या स्वराचे वरचा आणि खालचा शेजारी सारख्याच अंतरावर येतात. 'सा'वरून तीव्र 'म'वर जाताना काहींना स्वर चढल्यासारखा वाटतो, काहींना उतरल्यासारखा. मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच यांनी १९८६मध्ये हे दाखवलं. एकाच खोलीत, एकाच स्पीकरसमोर बसलेल्यांचंही यावर एकमत होत नाही.